अस्थिकुंभ, गर्तगृहे आणि आगमनकथा : आरंभीच्या अँग्लो-सॅक्सन वसाहतींचे पुरातत्त्वीय अवशेष

१. प्रास्ताविक

इ. स. १६५८ मध्ये सर टॉमस ब्राउन या इंग्रज वैद्य-लेखकाचा 'हायड्रिओटाफिया' अथवा 'अर्न बरियल' हा निबंध प्रसिद्ध झाला. नॉरफोक परगण्यातील वॉल्सिंगहॅम येथील एका शेतात चाळीस-पन्नास मातीचे कुंभ सापडले होते आणि त्यांत जळालेली मानवी हाडे होती. या कुंभांच्या निमित्ताने मृत्यू, विस्मृती आणि कीर्तीची नश्वरता यांविषयी ब्राउनने केलेले चिंतन इंग्रजी गद्याच्या इतिहासात मानाचे स्थान मिळवून आहे. कुंभांविषयीचे त्याचे अनुमान मात्र चुकीचे होते. त्याने ते रोमन काळातील मानले. ग्रंथासोबत छापलेल्या चित्रावरून ते अँग्लो-सॅक्सन अस्थिकुंभ असल्याचे पुढील काळातील अभ्यासकांना सहज ओळखता आले.

या चुकीचे मूळ ब्राउनच्या निरीक्षणात नव्हते. कुंभ त्याने बारकाईने पाहिले होते. परंतु त्याच्या व्यासंगात मृतांचे दहन करणारे लोक म्हणून रोमनांचे स्थान ठळक होते, आणि म्हणून समोरच्या वस्तूला त्याने परिचित ग्रंथांतील इतिहासात बसविले. अवशेष स्वतः बोलत नाहीत. अगोदरच ठाऊक असलेल्या कथेच्या चौकटीत ते वाचले जातात. आरंभीच्या अँग्लो-सॅक्सन वसाहतींच्या अभ्यासाचा इतिहास हा बहुतांशी या चौकटी बदलत गेल्याचा इतिहास आहे. इ. स. ५ व्या ते ७ व्या शतकांतील या वसाहतींच्या प्रमुख अवशेषांचा परिचय करून देणे आणि लिखित परंपरा व भौतिक अवशेष यांचे परस्परांशी नाते कसे लावावे या प्रश्नाचा विचार करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे. साहित्याच्या अभ्यासकाला काव्य, आख्यायिका आणि बखर यांचा 'साधन' म्हणून उपयोग करण्याचा प्रसंग वारंवार येतो. त्या दृष्टीने हे उदाहरण विशेष उद्बोधक आहे.

२. लिखित साधनांचे स्वरूप

ब्रिटनमधील रोमन सत्ता इ. स. ४१० च्या सुमारास संपुष्टात आली. नाण्यांचा पुरवठा थांबला, मोठ्या प्रमाणावरील कुंभारकाम बंद पडले, नगरे ओस पडू लागली. त्यानंतरच्या सुमारे दोन शतकांत पूर्व व दक्षिण ब्रिटनमध्ये जर्मानिक भाषा बोलणारा समाज स्थिरावला आणि त्या भाषेतूनच पुढे इंग्रजी घडली. या संक्रमणाविषयी समकालीन लेखन जवळजवळ नाही.

गिल्डस या ब्रिटन धर्मोपदेशकाने ६ व्या शतकात लिहिलेला लॅटिन ग्रंथ हा घटनांना सर्वांत निकटचा. मात्र त्याचे स्वरूप इतिहासाचे नसून धर्मप्रवचनाचे आहे. स्वदेशीय राजे व धर्माधिकारी यांच्या पापांबद्दल ईश्वराने दिलेली शिक्षा म्हणून तो सॅक्सनांचे आगमन वर्णितो. तीन जहाजांतून ते आले असे तो सांगतो; निश्चित वर्ष देत नाही. जॅरो येथील मठातील बीड याने आपला 'इंग्रज लोकांचा धर्मेतिहास' इ. स. ७३१ मध्ये पूर्ण केला. त्याने गिल्डसच्या कथेला कालक्रम दिला, इ. स. ४४९ हे वर्ष प्रचलित केले आणि आलेल्या लोकांचे अँगल, सॅक्सन व ज्यूट असे तीन गट सांगून प्रत्येकाचा प्रदेशही नेमून दिला. अँगलांची मूळ भूमी आपल्या काळापर्यंत ओसाड राहिली आहे असे सांगितले जाते, हेही तो नोंदवितो. ९ व्या शतकाच्या अखेरीस संकलित झालेल्या 'अँग्लो-सॅक्सन क्रॉनिकल'मध्ये ही कथा अधिक तपशीलवार होते. तेथे इ. स. ४७७ मध्ये एल्ले तीन जहाजांतून आणि इ. स. ४९५ मध्ये सर्डिक पाच जहाजांतून येतो.

या कथेची घडण लोककथेच्या जाणकारांना परिचित वाटेल. केंटमध्ये उतरलेल्या दोन भावांची नावे हेंगिस्ट आणि होर्सा. दोन्हींचा अर्थ घोडा. मोजकी जहाजे, जोडीचे नायक, यजमान राजाचा विश्वासघात आणि त्यातून उभे राहिलेले राज्य हे घटक राजवंशांच्या उत्पत्तिकथांत अनेक ठिकाणी आढळतात. तेव्हा या साधनांवरून ५ व्या शतकात काय घडले हे कळण्यापेक्षा ८ व्या व ९ व्या शतकांतील राजकुलांना आपल्या पूर्वजांविषयी काय मानावेसे वाटत होते हे अधिक खात्रीने कळते. बीडची तीन गटांची मांडणी त्याच्याच ग्रंथात इतरत्र सैल झालेली दिसते. पाचव्या भागात तो फ्रिझियन, डेन, हूण इत्यादी अन्य लोकांचीही नावे पूर्वजांमध्ये घेतो. पाठ्यपुस्तकांनी पहिली, सुबक मांडणी उचलली आणि दुसरी बहुधा दुर्लक्षित राहिली.

३. अभ्यासाची वाटचाल

१८ व्या शतकात ब्रायन फॉसेट या धर्मोपदेशकाने केंटमधील सातशेहून अधिक थडगी उकरली आणि वस्तूंच्या काटेकोर नोंदी ठेवल्या. १७७१ मध्ये त्याला मिळालेला किंग्स्टन येथील सोन्याचा ब्रोच (वस्त्र अडकविण्याची शोभेची पिन) आजही अँग्लो-सॅक्सन सुवर्णकामाचा उत्कृष्ट नमुना गणला जातो. ही थडगी रोमन संस्कार झालेल्या ब्रिटनांची आहेत अशी मात्र फॉसेटची समजूत होती. १७९३ च्या 'नेनिया ब्रिटानिका' या ग्रंथात जेम्स डग्लस याने अशा थडग्यांचे सॅक्सनत्व प्रतिपादन केले.

निर्णायक पाऊल एका भाषाशास्त्रज्ञाने उचलले ही गोष्ट लक्षणीय आहे. याकोब ग्रिमचा स्नेही जॉन मिचेल केंबल याने १८३३ मध्ये 'बेओवुल्फ'ची आवृत्ती सिद्ध केली होती. 'द सॅक्सन्स इन इंग्लंड' (१८४९) या ग्रंथात त्याने हेंगिस्ट-होर्सा कथेच्या ऐतिहासिकतेवर गंभीर शंका घेतली. पुढे १८५० नंतरच्या दशकात जर्मनीतील हॅनोवर प्रदेशात उत्खनन करीत असताना एल्ब नदीकाठच्या श्टाडे येथील अस्थिकुंभ त्याने पाहिले. इंग्लंडमधील कुंभांशी त्यांचे घाट, उठाव आणि छापील नक्षी यांबाबत असलेले साम्य त्याच्या ध्यानात आले. आगमनकथा अविश्वसनीय ठरविणाऱ्या अभ्यासकालाच आगमनाचा पहिला भौतिक पुरावा मिळाला. कथा आणि घटना या दोन वेगळ्या बाबी असून एकीवरील अविश्वास म्हणजे दुसरीचा नकार नव्हे, हा धडा त्यातून मिळू शकत होता. तो पुढील पिढ्यांनी पुरतेपणी घेतला असे मात्र दिसत नाही.

ई. टी. लीड्स यांनी १९१३ मध्ये 'द आर्किऑलॉजी ऑफ द अँग्लो-सॅक्सन सेटलमेंट्स' या ग्रंथात वस्तूंच्या प्रकारांचे भौगोलिक वितरण मांडले. पूर्व इंग्लंडमध्ये क्रूसाकृती ब्रोच विपुल, टेम्स नदीचे वरचे खोरे व दक्षिण भाग येथे बशीच्या आकाराचे ब्रोच, तर केंटमध्ये फ्रँकांच्या राज्याशी नाते सांगणारे दागिने, असा हा नकाशा होता. तो बीडच्या तीन गटांशी ढोबळमानाने जुळला. येथे पद्धतीविषयक अडचण उद्भवते. ब्रोचला 'अँग्लियन' अथवा 'सॅक्सन' ही नावे बीडच्या आधारे मिळाली आणि पुढे तेच ब्रोच बीडच्या विधानाचा पुरावा म्हणून पुढे करण्यात आले. न्यायशास्त्राच्या परिभाषेत हा अन्योन्याश्रय दोष होय. साम्य खरे असले तरी त्याचा अर्थ दोन प्रकारे लागतो. एकाच प्रकारचा ब्रोच वापरणाऱ्या स्त्रिया एकाच देशातून आल्या असतील. किंवा नव्या भूमीत शेजारी राहून, सारखा पेहराव करून त्यांनी आपली प्रादेशिक ओळख घडविली असेल. ६ व्या शतकात हे प्रादेशिक भेद अधिक ठळक होत जातात ही वस्तुस्थिती दुसऱ्या अर्थाला बळ देते.

४. दफनभूमींची साक्ष

या काळातील अवशेषांपैकी सर्वांत मोठा वाटा दफनभूमींचा आहे. नॉरफोकमधील नॉर्थ एल्महॅमजवळची स्पाँग हिल ही दहनसंस्काराची इंग्लंडमधील सर्वांत मोठी उत्खनित दफनभूमी होय. १९७२ ते १९८१ या काळात येथे झालेल्या उत्खननात दोन हजारांहून अधिक दहनावशेष आणि त्यांशिवाय ५७ अदग्ध दफने मिळाली. मृताला वस्त्रालंकारांसह चितेवर ठेवीत. घोडा, मेंढी, गाय इत्यादी प्राणीही त्याच चितेवर जाळीत. नंतर हाडे वेचून कुंभात भरीत. वितळलेले काचमणी आणि विरूप झालेले ब्रोच या हाडांत सापडतात. कंगवे, छोटे चिमटे, कातरी अशा केशसाधनेच्या वस्तू पुष्कळ कुंभांत आहेत आणि त्यांतील काही न जळलेल्या असल्याने त्या दहनानंतर मुद्दाम घातल्या असाव्यात. एका कुंभाच्या झाकणावर दोन्ही हात मुखाशी नेऊन बसलेली मनुष्याकृती आहे. ती 'स्पाँग मॅन' या नावाने प्रसिद्ध आहे.

स्पाँग हिलच्या कुंभांचे निकटचे नातेवाईक एल्ब आणि वेझर या नद्यांच्या मुखांमधील प्रदेशात आढळतात. श्टाडेजवळच्या इसेनडॉर्फ येथील दफनभूमीशी असलेले साम्य तर केवळ घाटापुरते नसून संपूर्ण संस्कारविधीचे आहे. ब्रोच विकत घेता येतो, नक्षीचे अनुकरण करता येते. परंतु चिता रचण्यापासून कुंभ पुरण्यापर्यंतचा संपूर्ण विधी माणसांबरोबरच प्रवास करतो. म्हणून स्थलांतराचा पुरावा या नात्याने दहनविधीचे मोल एखाद्या अलंकारापेक्षा अधिक आहे.

या दफनभूमीचा कालक्रमही महत्त्वाचा ठरला. कॅथरीन हिल्स आणि सॅम लूसी यांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या समग्र अभ्यासानुसार येथील दफनांचा आरंभ ५ व्या शतकाच्या पूर्वार्धातच होतो आणि बहुसंख्य दफने त्याच शतकातील आहेत. म्हणजे बीडने प्रचलित केलेल्या ४४९ या वर्षाच्या अगोदरच समुद्रापलीकडील रीतीने मृतांचे दहन करणारा समाज नॉरफोकमध्ये नांदत होता. त्याची नोंद कोणत्याही इतिहासकाराने केली नाही. कथेने केंट निवडले, कारण केंटच्या राजकुलाला कथा सांगणारे मिळाले. नॉरफोकच्या या कुटुंबांना ते मिळाले नाहीत.

इतर स्थळे चित्र आणखी गुंतागुंतीचे करतात. टेम्सकाठच्या डॉर्चेस्टरजवळ डाइक हिल्स येथे १८७४ मध्ये एका पुरुषाचे व एका स्त्रीचे अवशेष मिळाले. पुरुषाच्या कमरेला उत्तर-रोमन काळातील अधिकारदर्शक पट्ट्याचे धातूभाग होते, तर स्त्रीजवळचा ब्रोच उत्तर समुद्रापलीकडच्या धाटणीचा होता. रोमन सेवा आणि जर्मानिक पेहराव येथे शेजारीशेजारी आढळतात. विजेता आणि पराजित अशी विभागणी या स्थळी लागू पडत नाही. वॉरिकशरमधील वॉस्पर्टन येथे रोमन काळात सुरू झालेली दफनभूमी ७ व्या शतकापर्यंत वापरात राहिली. तेथे जुन्या रीतीची दफने आणि नव्या रीतीची दफने एकाच आवारात आहेत. एक समाज नाहीसा होऊन दुसरा आला असे म्हणण्यास येथे आधार नाही.

शस्त्रांसह पुरलेले पुरुष हे आक्रमक योद्धे, असे दीर्घकाळ गृहीत धरले गेले. हाइनरिख हेर्के यांनी १९९० मध्ये या गृहीतकाची कसोशीने तपासणी केली. शस्त्रे मिळालेल्यांत लढण्याच्या वयाची नसलेली मुले आणि शारीरिक दृष्ट्या असमर्थ व्यक्तीही होत्या. शस्त्रदफनांचे प्रमाण आणि लिखित साधनांत नोंदलेल्या युद्धांचे काळ यांचा मेळही बसत नव्हता. भाला हे मृताने केलेल्या युद्धाचे स्मारक नसून त्याच्या कुटुंबाने केलेला प्रतिष्ठेचा दावा होता, असा निष्कर्ष यातून निघतो. साहित्यसमीक्षेच्या परिभाषेत सांगावयाचे तर दफन हे वास्तवाचे प्रतिबिंब नसून एक रचना आहे. तिला कर्ता आहे, प्रेक्षक आहे आणि हेतू आहे.

५. वस्त्यांची साक्ष

मृतांच्या तुलनेत जिवंतांच्या घरांकडे अभ्यासकांचे लक्ष उशिरा गेले. रोमन बांधकामाचे दगड-विटांचे अवशेष डोळ्यांत भरतात. लाकडाची घरे कुजून जातात आणि जमिनीत उरतो तो केवळ मातीचा बदललेला रंग. लीड्स यांनी १९२१ ते १९३७ या काळात सटन कोर्टनी येथे जमिनीत खणलेल्या उथळ, चौकोनी खड्ड्यांवर छप्पर घातलेल्या झोपड्या प्रथम ओळखल्या. जर्मन संशोधक त्यांना 'ग्रूबेनहाउस' म्हणतात. येथे 'गर्तगृह' ही संज्ञा वापरली आहे. खड्ड्याच्या तळाशी हाडे, खापरे व राख आढळल्याने हे लोक केरकचऱ्यात, अंधाऱ्या खड्ड्यात राहत होते असे चित्र लीड्स यांनी रेखाटले. रोमन वैभवाचा नाश करणाऱ्या रानटी लोकांच्या प्रतिमेशी ते जुळणारे असल्याने सहज रूढ झाले.

सफोकमधील वेस्ट स्टो येथे १९६५ ते १९७२ या काळात स्टॅन्ली वेस्ट यांनी केलेल्या उत्खननाने या चित्रात फरक पडला. तेथे सुमारे ७० गर्तगृहे आणि खांबांवर उभारलेली सात मोठी घरे मिळाली. आगीत सापडलेल्या गर्तगृहांतील जळक्या फळ्यांवरून खड्ड्यावर लाकडी तक्तपोशी असावी असे अनुमान निघाले. पुढे त्याच जागी प्रयोगादाखल घरांची पुनर्बांधणी करण्यात आली आणि तक्तपोशी, भिंती व उंच छप्पर असलेले घर व्यवहार्य असल्याचे दिसून आले. जेस टिपर यांच्या २००४ च्या अभ्यासाने आणखी एक मुद्दा स्पष्ट केला. खड्ड्यांत मिळणारा कचरा बहुतांशी घर सोडल्यानंतर, आजूबाजूचे उकिरडे लोटून खड्डा बुजविताना आत पडलेला असतो. त्यावरून रहिवाशांच्या स्वच्छतेविषयी मत बनविणे म्हणजे ओस पडलेल्या वाड्यात साचलेल्या पाचोळ्यावरून वाड्याच्या धन्याची परीक्षा करण्यासारखे आहे. अनेक गर्तगृहांत मातीची कडी सापडतात. ती उभ्या मागाचे ताणे खाली ओढून धरणारी वजने होत. यावरून विणकाम हा या घरांचा एक महत्त्वाचा उपयोग असल्याचे दिसते.

एसेक्समधील टेम्सकाठच्या मकिंग येथे खडीच्या खाणीमुळे नष्ट होऊ घातलेल्या विस्तीर्ण जागेचे उत्खनन मार्गारेट व टॉम जोन्स या दांपत्याने १९६५ ते १९७८ अशी तेरा वर्षे चालविले. दोनशेहून अधिक गर्तगृहे, पन्नासहून अधिक खांबांची घरे आणि दोन दफनभूमी तेथे उजेडात आल्या. नकाशावर हे मोठे नगर भासते. परंतु हेलेना हॅमरो यांच्या १९९३ च्या विश्लेषणावरून असे दिसते, की कोणत्याही एका वेळी तेथे लहानसे खेडेच होते. जुनी घरे सोडून शेजारी नवी बांधीत ते खेडे पिढ्यान्‌पिढ्या हळूहळू सरकत गेले. वसाहत म्हणजे एका दिवशी रोवलेले निशाण नव्हे, तर तीन शतके चाललेला सरकता मुक्काम, ही कल्पना मकिंगने दिली.

समुद्रापलीकडील वस्त्यांशी तुलना केल्यास साम्याइतकाच भेदही बोलका ठरतो. जर्मनीच्या उत्तर किनाऱ्यावरील फेडेर्सेन वीर्डे या मानवनिर्मित उंचवट्यावरच्या खेड्याचे उत्खनन वेर्नर हार्नागेल यांनी १९५५ ते १९६३ मध्ये केले. तेथे एकाच छपराखाली माणसांचे निवासस्थान आणि गुरांचा गोठा असलेली लांबच लांब घरे होती. ५ व्या शतकात हे खेडे ओस पडले. ओसाड मातृभूमीविषयीच्या बीडच्या वाक्याची येथे आठवण होते, जरी ती जागा अँगलांची नव्हती. परंतु ही गोठ्याची लांब घरे इंग्लंडमध्ये आढळत नाहीत. तेथील खांबांची घरे आखूड आहेत, लांबी रुंदीच्या साधारण दुप्पट, दोन्ही लांब बाजूंच्या मध्यावर समोरासमोर दारे, आणि गोठा नाही. सायमन जेम्स, अ‍ॅन मार्शल व मार्टिन मिलेट यांनी १९८४ मध्ये या रचनेत रोमन काळातील स्थानिक बांधकामपरंपरेचाही अंश असल्याचे मांडले. इतरांनी समुद्रापलीकडील लहान घरांकडे बोट दाखविले. वाद काहीही असो, स्थलांतरितांनी आपले गाव जसेच्या तसे उचलून आणले नाही एवढे निश्चित. गर्तगृह आले, लांब घर आले नाही. कुटुंबाचा आकार, गुरांची संख्या, श्रमाची वाटणी आणि हवामान या सर्वांशी घराचा संबंध असतो. नव्या भूमीत ते सर्व नव्याने जुळवावे लागले असले पाहिजे.

६. हाडावरचा शब्द

भाषेच्या अभ्यासकाला विशेष मोलाचा वाटेल असा अवशेष नॉरिचजवळच्या केस्टर येथील दफनभूमीत मिळाला. ५ व्या शतकातील एका अस्थिकुंभात खेळाच्या सोंगट्यांसोबत घोट्याची छोटी हाडे होती. त्यांतील बहुतेक मेंढ्यांची. एक मात्र 'रो' जातीच्या लहान हरणाचे. त्या हाडावर रून लिपीत एक शब्द कोरलेला आहे. त्याचे वाचन 'राइहान' असे केले जाते आणि त्याचा अर्थ 'रो हरीण' असा लावतात. इंग्लंडमध्ये मिळालेल्या अगदी आरंभीच्या रून लेखांपैकी हा एक होय.

येथे वस्तू आणि शब्द एकमेकांचे नाव घेतात. तरीही निष्कर्ष सोपा नाही. या लेखातील 'ह' वर्णाचे रूप उत्तरेकडील, स्कँडिनेव्हियन वळणाचे आहे. शब्द इंग्लंडमध्ये कोरला गेला की कोरलेले हाडच समुद्र ओलांडून आले, हे सांगता येत नाही. त्यामुळे इंग्रजीचा प्राचीनतम शब्द म्हणून ज्याकडे बोट दाखवावे तो कदाचित अद्याप इंग्रजी झालेलाच नसावा. स्पाँग हिलच्या काही कुंभांवर 'आलू' हा रून शब्द ठशाने उमटविला आहे. समुद्रापलीकडील अलंकारांवर तो मांगल्यसूचक म्हणून येतो. गिल्डसचे सॅक्सन केवळ जाळतात आणि लुटतात. त्यांच्याच मातीतून मिळालेले शब्द मात्र खेळातल्या सोंगटीचे नाव घेतात आणि मृताच्या कुंभावर संरक्षक मंत्र उमटवितात.

स्थलनामांच्या बाबतीतही माती आणि शब्द यांचा मेळ अपेक्षेप्रमाणे बसला नाही. 'अमक्याचे लोक' अशा अर्थाच्या 'इंगास' प्रत्ययाची नावे (रेडिंग, हेस्टिंग्ज) ही सर्वांत जुन्या वसाहतींची खूण होय, असे मत दीर्घकाळ प्रचलित होते. जॉन डॉजसन यांनी १९६६ मध्ये आग्नेय इंग्लंडमधील अशा नावांचा नकाशा प्राचीन दफनभूमींच्या नकाशाशी ताडून पाहिला. दोहोंचे वितरण वेगळे निघाले आणि ही नावे वसाहतीच्या नंतरच्या टप्प्यातील असल्याचे स्पष्ट झाले. एका शास्त्राच्या निष्कर्षावर विसंबण्याऐवजी तो दुसऱ्या शास्त्राच्या पुराव्याशी ताडण्याची ही रीत अनुकरणीय आहे.

७. काव्य आणि दफन : सटन हू

१९३९ मध्ये सफोकमधील सटन हू येथे एका टेकाडाखाली सुमारे २७ मीटर लांबीच्या जहाजाचा ठसा आढळला. आम्लधर्मी मातीत लाकूड विरून गेले होते. लोखंडी खिळ्यांच्या ओळी आणि रेतीतील आकार तेवढे शिल्लक होते. शिरस्त्राण, ढाल, सुवर्णालंकार, बायझँटाइन चांदीची भांडी आणि फ्रँकांच्या राज्यातील ३७ सोन्याची नाणी यांवरून हे ७ व्या शतकाच्या पूर्वार्धातील राजदफन ठरते. पूर्व अँगलांचा राजा रेडवाल्ड याचे नाव बहुधा घेतले जाते. तथापि दफनात कोणाचेही नाव नाही.

'बेओवुल्फ' काव्याच्या आरंभी शील्ड राजाचे शव संपत्तीसह जहाजात ठेवून समुद्रात सोडले जाते, तर अखेरीस नायकाचे दहन होऊन त्यावर टेकाड उभारले जाते. सटन हू येथे जहाज आहे, पण समुद्र नाही. टेकाड आहे, पण दहन नाही. साम्य वातावरणाचे आहे, तपशिलाचे नाही. शिवाय काव्याचे एकमेव हस्तलिखित इ. स. १००० च्या सुमाराचे आहे. तरीही दीर्घकाळ काव्याने दफनाचे आणि दफनाने काव्याचे कालनिर्णय करण्याचा प्रघात पडला. रॉबर्टा फ्रँक यांनी १९९२ मध्ये 'विजोड जोडपे' अशा आशयाचे शीर्षक देऊन या परस्परावलंबनाची चिकित्सा केली.

या संबंधाची दुसरी बाजूही पाहावयास हवी. सटन हू येथे एका तंतुवाद्याचे तुकडे मिळाले होते. काव्यात येणाऱ्या 'हेआर्पे' या शब्दाचा अर्थ हार्प असा परिचित असल्याने त्यांची प्रथम लहान हार्पच्या रूपात जुळणी झाली. पुढे तुकड्यांची पुन्हा तपासणी होऊन १९७० मध्ये ते वाद्य लायर असल्याचे प्रतिपादन झाले आणि ते मान्य झाले. त्यामुळे काव्यातील राजसभेत गायक जे वाद्य हाती घेतो त्याची कल्पनाही बदलली. मातीने शब्दकोशात दुरुस्ती केली. काव्य आणि अवशेष यांचा फलदायी संबंध असा असतो: एकाने दुसऱ्याला सिद्ध करण्याचा नव्हे, तर एकामुळे दुसऱ्याचे वाचन अधिक काटेकोर होण्याचा.

८. वस्तू, वंश आणि ओळख

१९६० नंतर पुरातत्त्वात स्थलांतराऐवजी अनुकरण आणि सामाजिक परिवर्तन यांवर भर देण्याची प्रवृत्ती बळावली. थोडे योद्धे आले आणि बहुसंख्य ब्रिटनांनी त्यांची भाषा व पेहराव स्वीकारला, असे मत प्रबळ झाले. प्राचीन डीएनएच्या अभ्यासाने हा लंबक पुन्हा फिरविला. २०२२ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या संशोधनात वायव्य युरोपातील ४६० मध्ययुगीन व्यक्तींची तपासणी झाली. त्यांतील २७८ इंग्लंडमधील होत्या. पूर्व व दक्षिण इंग्लंडमधील आरंभीच्या मध्ययुगीन लोकसंख्येच्या वंशवारशातील ७६ टक्क्यांपर्यंतचा भाग उत्तर समुद्रापलीकडून आलेला आढळला. त्यांत स्त्रियाही होत्या. स्थलांतर मोठे होते आणि ते कुटुंबांचे होते.

यावरून जुनी आक्रमणकथा पुनःप्रस्थापित झाली असे समजणे मात्र चुकीचे ठरेल. त्याच संशोधनात दोन्ही वंशांचे लोक एकाच दफनभूमीत, एकाच कुटुंबात मिसळलेले दिसले. शस्त्रांसह पुरलेल्या पुरुषांत स्थानिक वंशाचे व बाहेरून आलेल्या वंशाचे असे दोन्ही आढळले. स्त्रियांच्या बाबतीत बाहेरून आलेल्या वंशाच्या स्त्रियांजवळ दफनसामग्री अधिक वेळा होती. केंटमधील अपडाउन येथे ७ व्या शतकाच्या आरंभी पुरलेल्या एका मुलीचे एक आजी किंवा आजोबा पश्चिम आफ्रिकी असल्याचे डीएनएवरून दिसून आले. तिचे दफन भोवतालच्या कुटुंबीयांसारखेच झाले होते. वंश, भाषा आणि पेहराव या तीन गोष्टी एकाच रेषेत चालत नाहीत. डीएनए वंशावळ सांगतो. ती व्यक्ती स्वतःला काय म्हणवीत होती हे सांगत नाही.

या प्रश्नाला शास्त्रीय महत्त्वाबरोबर नैतिक महत्त्वही आहे. १९ व्या शतकात 'अँग्लो-सॅक्सन' हे नाव वंशश्रेष्ठत्वाच्या सिद्धांताचा आधार बनले आणि साम्राज्याच्या समर्थनार्थ वापरले गेले. साम्राज्याच्या प्रजाजनांनीही इंग्लंडचा इतिहास त्याच चौकटीत शिकला. अस्थिकुंभ आणि गर्तगृहे यांवरून मात्र कोणत्याही शुद्ध, एकसंध वंशाचे चित्र उभे राहत नाही.

९. समारोप

वरील विवेचनातून पुढील गोष्टी स्पष्ट होतात. पहिली, उत्तर समुद्रापलीकडून ब्रिटनमध्ये मोठ्या प्रमाणावर स्थलांतर झाले. त्याचा आरंभ परंपरागत वर्षापूर्वीचा आहे आणि ते दीर्घकाळ, टप्प्याटप्प्याने, प्रदेशाप्रदेशांत वेगवेगळ्या रीतीने घडले. दुसरी, आलेल्यांनी काही चालीरीती आणल्या, काही सोडल्या, काही येथे घडविल्या. दफन, घर आणि पेहराव यांची गती एकच नाही. तिसरी, लिखित कथा घटनेची, नायकाची व राजकुलाची असते, तर अवशेष सवयीचे, घराचे व कुटुंबाचे असतात. दोहोंचे विषयच भिन्न असल्याने एकाच्या मौनाचा अर्थ दुसऱ्याचे खंडन असा होत नाही.

मराठी अभ्यासकाला हा प्रश्न अपरिचित नाही. लंडनमधील विद्यार्थिदशेत मॉर्टिमर व्हीलर यांच्या मेडन कॅसल येथील उत्खननात प्रशिक्षण घेतलेल्या आणि पुढे पुण्याच्या डेक्कन कॉलेजात पुरातत्त्वाची परंपरा उभी करणाऱ्या ह. धी. सांकळिया यांनी १९७३ मध्ये 'रामायण : मिथ ऑर रिअ‍ॅलिटी?' या पुस्तकात महाकाव्य आणि उत्खनन यांच्या संबंधाचाच प्रश्न हाताळला होता. काव्यातील स्थळ मातीत शोधण्याची ओढ स्वाभाविक आहे. परंतु स्पाँग हिल आणि मकिंग येथील अनुभव असा, की ज्या लोकांविषयी कोणत्याही ग्रंथाने एक वाक्यही लिहिले नाही त्यांच्याविषयी मातीजवळ सांगण्यासारखे सर्वाधिक होते. ग्रंथाचा अभ्यास करणाऱ्याने ग्रंथाबाहेर राहिलेल्यांची ही संख्या सदैव ध्यानात ठेवणे आवश्यक आहे.